वाहिनी वाढते, पण लसिका पुढे का सरकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, नंतर रेडिएशन झालं. दीड वर्षाने हात सुजायला लागला आणि आता लिम्फेडेमाचं निदान झालंय, म्हणजे लसिका (ऊतकांतून गोळा होऊन रक्तात परत जाणारं पाणी) अडून साचल्याने येणारी सूज. विचारणारे स्वतः बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकतात. त्यांचं म्हणणं असं की कृत्रिम रक्तवाहिनीला मान्यता मिळाली, लसिकावाहिन्या वाढवणारं प्रथिनही केव्हाच सापडलंय, मग प्रयोगशाळेत लसिकावाहिनी वाढवून हातात का बसवत नाहीत? आणि हे लवकरच होणार असेल तर आईने तोवर थांबावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: थांबू नका. कारण पुढे येईलच. मी सर्जन नाही. लसिका-पेशी, म्हणजे लसिकावाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी, वाढवणं आणि त्यांच्याकडून काहीतरी उपयोगाचं काम करून घेणं, यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंत की वाहिनी का वाढवत नाहीत. वाहिन्या वाढतात हो. आमच्याकडेही वाढतात, तुमच्या आईच्या हातातही वाढत असतील. लिम्फेडेमा झालेल्या हातात त्वचेखालच्या बारीक लसिकाकेशिका बहुतेक वेळा भरपूर असतात, फुगलेल्याही असतात. इंडोसायनिन ग्रीन हे चमकणारं द्रव्य टोचून कॅमेऱ्याखाली पाहिलं, की निरोगी हातात सरळ रेघा दिसतात. सुजलेल्या हातात त्याच जागी धुक्यासारखा पसरलेला डाग दिसतो. पुढची वाट बंद झाल्यामुळे लसिका उलटी फिरून त्वचेतल्या केशिकांमध्ये पसरलेली असते. त्यामुळे खरा प्रश्न आहे तो वाढलेल्या वाहिनीतून लसिका पुढे का सरकत नाही, हा.

हे समजायला वाहिन्यांचे दोन प्रकार वेगळे धरावे लागतात. पहिला केशिकांचा. यांचं एक टोक बंद असतं. भिंत एकाच थराची, आणि त्यातल्या पेशींच्या कडा कातरलेल्या पानासारख्या एकमेकींवर आलेल्या. या कडा सलग शिवलेल्या नसतात, शर्टाच्या बटणांसारख्या ठरावीक अंतरावर टाचलेल्या असतात. मधल्या फटींतून पाणी, प्रथिनं आणि पेशी आत शिरतात. बाहेरून बारीक तंतू या पेशींना आजूबाजूच्या ऊतकाशी बांधून ठेवतात. ऊतक फुगलं की तंतू ताणले जातात आणि फटी आपोआप उघडतात. फार सुंदर रचना आहे, पण तिचं काम पाणी आत घेण्यापुरतंच.

दुसरा प्रकार म्हणजे गोळा झालेली लसिका पुढे वाहून नेणाऱ्या वाहिन्या. इथे पेशींचे सांधे चेनसारखे घट्ट असतात, बाहेर स्नायूंचं आवरण असतं आणि आत थोड्याथोड्या अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतः आकुंचन पावतो. म्हणजे तो एक छोटा पंपच, आणि असे पंप माळेसारखे ओवलेले. लसिकेला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. उभ्या माणसाच्या पायातून छातीपर्यंत ती वर चढते ती या तुकड्यांच्या जोरावर, शिवाय चालण्याच्या आणि श्वासाच्या हालचालींच्या मदतीने.

हे काम किती मोठं आहे याची कल्पना आपल्याला उशिराच आली. रक्तकेशिकांतून बाहेर पडलेलं बहुतेक पाणी शिरांकडच्या टोकाला पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि उरलेलं थोडंसं लसिकेत जातं, असं जुन्या पाठ्यपुस्तकांत असायचं. मीही तसंच शिकलो. आता समजतंय की बहुतेक ऊतकांमध्ये असं सतत पुनर्शोषण होतच नाही. बाहेर पडलेलं जवळजवळ सगळं पाणी लसिकेच्या वाटेनेच परत येतं. अंदाज दिवसाला ८ लिटरच्या आसपासचा आहे. त्यातलं बरंचसं वाटेतल्या ग्रंथींमध्येच रक्तात परत जातं, बाकीचं मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांमध्ये मिसळतं. काखेतल्या ग्रंथी काढल्या की या प्रवाहाच्या ऐन नाक्यावर खड्डा पडतो.

त्या खड्ड्याच्या अलीकडच्या वाहिन्या काही काळ जोर लावतात. आधी त्या फुगतात. मग भिंतीतला स्नायू जाड होत जातो, आणि शेवटी भिंत इतकी घट्ट होते की आतली पोकळीच बुजते. हे सगळं महिन्यांच्या, कधी वर्षांच्या हिशेबात घडतं. ‘थांबू नका’ म्हणालो त्याचं पहिलं कारण हे.

आता आमच्या क्षेत्राने काय मिळवलंय ते पाहा. केशिका आम्हाला जमतात. २०१४ मध्ये झुरिकच्या एका गटाने माणसाच्या त्वचेतल्या लसिका-पेशी जेलमध्ये वाढवल्या. त्या पेशींनी स्वतःहून पोकळ केशिका बनवल्या. ती त्वचा उंदरांवर बसवल्यावर केशिका यजमानाच्या लसिकावाहिन्यांशी जोडल्या गेल्या आणि पाणी वाहून नेऊ लागल्या. भाजलेल्या जागी बसवायच्या त्वचेसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण नुसत्या त्वचेखाली पाणी साठत राहतं. तुमच्या आईच्या हाताला मात्र याने फारसं काही मिळत नाही. तिथे केशिकांची कमतरताच नाही.

केशिका वाढल्या की काम झालं, या सापळ्यात मी स्वतः पुरेपूर अडकलो होतो. फायब्रिनच्या (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाच्या) जेलमध्ये लसिका-पेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी एकत्र ठेवायच्या, आठ-दहा दिवस सांभाळायच्या, मग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हिरवीगार जाळी, फांद्याच फांद्या. लॅबमध्ये या फोटोंना आम्ही ‘कॅलेंडर’ म्हणायचो. दोन वर्षं मी परिषदांमधून अशी कॅलेंडरं दाखवत फिरलो. एका परिषदेत मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “यातून काही वाहतं का?” परत आल्यावर एका कडेने रंगीत द्रव सोडून पाहिला. तो जाळीला वळसा घालून जेलमधूनच झिरपत गेला. जाळी होती, पण तिला ना सुरुवात होती ना शेवट.

पेशींचीही एक खोड इथेच सांगतो, कारण नवीन येणारा प्रत्येक जण इथे ठेचकाळतो. लसिका-पेशी मुळात शिरांच्या पेशींपासून घडतात. फ्लोरेन्स सेबिन यांनी डुकराच्या भ्रूणांचा अभ्यास करून १९०२ मध्येच तसं मांडलं होतं. त्यावर वाद पुष्कळ झाले आणि जनुकीय पुरावा मिळायला विसावं शतक संपत आलं. प्रॉक्स-१ नावाचं जनुक सुरू झालं की शिरेतली पेशी लसिकेची होते. गंमत म्हणजे हे जनुक प्रौढपणीही चालूच ठेवावं लागतं. ते बंद पडलं की पेशी पुन्हा रक्तवाहिनीच्या वळणावर जाते. बशीत फार पिढ्या वाढवलेल्या पेशींची ओळख अशीच पुसट होत जाते, आणि वरवर बघून ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे पाचव्या-सहाव्या पिढीपुढच्या पेशी मी वापरू देत नाही, आणि दर खेपेला प्रॉक्स-१ व पोडोप्लॅनिन या लसिका-पेशींच्या खुणा तपासल्याशिवाय प्रयोग सुरू होत नाही. ही माझी रेघ आहे. दुसऱ्या लॅबची थोडी पुढे-मागे असेल.

आता तुम्ही म्हणता त्या प्रथिनाकडे येऊ. व्हीईजीएफ-सी १९९६ मध्ये हेलसिंकीत सापडलं. लसिका-पेशींवरच्या व्हीईजीएफआर-३ या ग्राहकाला (रिसेप्टरला) ते चिकटतं आणि पेशी वाढायला, सरकायला लागतात. एवढं ऐकलं की वाटतं, टोचून द्या आणि मोकळे व्हा. पण ते नुसतं ओतलं तर ज्या केशिका आधीच पुरेशा आहेत त्याच आणखी माजतात. शिवाय ते रक्तवाहिन्यांवरच्या व्हीईजीएफआर-२ लाही चिकटू शकतं, त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. सूज उतरवायला दिलेलं औषध सूज वाढवू शकतं, असा हा पेच. तिसरी अडचण सगळ्यांत नाजूक आहे. व्हीईजीएफ-सी जास्त बनवणाऱ्या गाठी लसिकेच्या वाटेने अधिक पसरतात, हे २००१ मध्ये उंदरांवर दिसलं होतं. ज्यांना हे प्रथिन द्यायचं त्यांतले बहुतेक जण कर्करोगातूनच आलेले असतात.

म्हणून ते द्यायचं तर नेमक्या जागी, थोड्या काळासाठी आणि सोबत काहीतरी दिशा देऊन. २००७ मध्ये फिनलंडच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की दुसरीकडून आणलेल्या लसिकाग्रंथीबरोबर व्हीईजीएफ-सी दिलं, तर कालांतराने झडपा असलेल्या पक्क्या वाहिन्याही तयार होतात. त्यावरून माणसांसाठी लिम्फॅक्टिन हा उपचार पुढे आला. ग्रंथीबरोबर हलवायच्या चरबीत हे जनुक नेणारा विषाणू टोचायचा, अशी ती पद्धत. सुरुवातीच्या चाचणीत ते सुरक्षित वाटलं. २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे निकाल आले तेव्हा मात्र प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसाच्या, तुलनेत ठोस फायदा सिद्ध झाला नाही. नुसती ग्रंथी हलवली तरी काहींना फरक पडतो, त्यामुळे त्यावर आणखी किती भर पडली हे मोजणं अवघड जातं. मी याला अपयश म्हणणार नाही. पण वाढीचा इशारा दिला की काम झालं, ही समजूत त्याने मोडली हे खरं.

मला स्वतःला जास्त भावलेला मुद्दा प्रवाहाचा आहे. २००३ चा एक प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावतो. उंदराच्या शेपटीवरची त्वचा कड्यासारखी काढली, म्हणजे लसिकेची वाट तुटली, आणि त्या जागी कोलॅजन (ऊतकाला आधार देणारं तंतुमय प्रथिन) भरलं. शेपटीच्या टोकाकडून येणारं पाणी त्या कोलॅजनमधून झिरपत राहिलं आणि त्याने आपल्यासाठी पाट पाडले. लसिका-पेशी नंतर आल्या, त्याच पाटांमधून, प्रवाहाच्या दिशेने. आधी पाणी, मग वाहिनी. आमच्या जेलमध्ये मी हे वेगळ्या तऱ्हेने करून पाहिलं. एका बाजूला अगदी किंचित जास्त दाब ठेवला, सेकंदाला जेमतेम एखादा मायक्रॉन सरकेल इतका. स्थिर जेलमध्ये पेशी चहूकडे पसरल्या होत्या, इथे त्या रांगेत यायला लागल्या. कॅलेंडरला शोभणारा फोटो नव्हता तो, पण रंगीत द्रव पहिल्यांदा वाहिनीच्या आतून गेला.

झडपांचंही असंच. पुढे-मागे हेलकावणारा प्रवाह मिळाला की लसिका-पेशींमध्ये प्रॉक्स-१ आणि फॉक्स-सी-२ या जनुकांच्या साखळीतून झडपेचा कार्यक्रम सुरू होतो. एकसारखा गुळगुळीत प्रवाह दिला तर तो तितका होत नाही. म्हणजे झडप ही बाहेरून बसवायची वस्तू नाही, तिला प्रवाहानेच घडवावं लागतं.

मग सबंध पंपवाहिनीच बाहेर बनवून का बसवू नये? तुम्ही दिलेलं कृत्रिम रक्तवाहिनीचं उदाहरण इथे तपासून पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत सिमव्हेस या वाहिनीला हातापायांच्या गंभीर दुखापतींसाठी मान्यता मिळाली. माणसाच्या पेशींनी ती विणलेली असते आणि नंतर त्यातल्या पेशी धुऊन काढलेल्या असतात. तिचा व्यास ६ मिलिमीटर, आणि आतून रक्त ढकलायला मागे हृदय आहे. निर्जीव नळी तिथे पुरते. लसिकावाहिनीचा व्यास बहुधा मिलिमीटरहून कमी. लसिकावाहिनी शिरेला जोडणारे सर्जन ०.८ मिलिमीटरहून बारीक वाहिन्यांना टाके घालतात. दाब जेमतेम, आणि ढकलायचं काम वाहिनीनेच करायचं. तिच्या भिंतीतला स्नायूही विचित्र आहे. तो गुळगुळीत स्नायूच आहे, पण हृदयाच्या स्नायूतली काही प्रथिनं त्यातही सापडतात, आणि तो स्वतःच्या ठेक्यावर आकुंचन पावतो. असा स्नायू बशीत घडवून, त्याला ठेका देऊन, आत एकाच दिशेच्या झडपा बसवून, दोन्ही टोकं जोडायची. यातली एकेक पायरी कुणी ना कुणी थोडीफार चढलंय. सगळ्या पायऱ्या एकाच वाहिनीत अजून आलेल्या नाहीत, आणि तुम्ही शिकून बाहेर पडेपर्यंत त्या दवाखान्यात येतील असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र धीर देते. म्युनिकचे सर्जन बाउमाइस्टर यांनी १९८० च्या दशकापासून रुग्णाच्याच मांडीतल्या निरोगी लसिकावाहिन्या काढून काखेतल्या खड्ड्यावरून पुलासारख्या बसवल्या, आणि त्यातून लसिका गेली. म्हणजे मधला पूल नीट झाला तर पलीकडची व्यवस्था काम उचलून धरते. फक्त एक वाट दुरुस्त करायला दुसरी चांगली वाट तोडावी लागते, आणि ज्या पायातून वाहिनी घेतली त्यालाही धोका राहतो.

म्हणून सध्या मला सगळ्यांत आश्वासक वाटतो तो साध्या धाग्यांचा मार्ग. एकाच दिशेने लावलेल्या सूक्ष्म कोलॅजन तंतूंचे धागे, बायोब्रिज हे त्यातलं एक नाव. ते निरोगी भागापासून अडलेल्या भागापर्यंत त्वचेखाली ओढून ठेवायचे. त्यात पेशी नाहीत, पंप नाही. शरीराच्या स्वतःच्या लसिका-पेशी त्या धाग्यांच्या आधाराने सरकतात. डुकरांवरच्या प्रयोगांत वाहिन्या नव्याने जोडल्या गेलेल्या दिसल्या, आणि माणसांमध्ये ग्रंथी हलवण्याच्या शस्त्रक्रियेबरोबर ते वापरून पाहिले गेले. पुरावा अजून तुटपुंजा आहे. तरी त्यातली नम्रता मला पटते. वेलीला मांडव घालून द्यायचा, चढायचं काम तिचं.

पण मांडव घालायची जमीन कशी आहे? याकडे आम्ही इंजिनिअर मंडळींनी फार काळ दुर्लक्ष केलं. सुजलेल्या हातात नुसतं पाणी नसतं. काही महिन्यांत तिथे प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ प्रकारच्या टी-पेशी जमतात, टीजीएफ-बीटा हे इशारा देणारं प्रथिन वाढतं, ऊतक तंतुमय होत जातं आणि चरबी साठते. टीजीएफ-बीटा लसिका-पेशींना थेट रोखतं. रेडिएशनने हे आणखी बिघडतं. अशा जागी उत्तम धागा आणि उत्तम वाढघटक दिला तरी पेशी आत शिरत नाहीत. दाह कमी करण्याचे प्रयत्न झालेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किटोप्रोफेन या दाहशामक औषधाच्या चाचणीत त्वचेची जाडी आणि ऊतकाची अवस्था सुधारली, हाताचा घेर मात्र त्या मानाने हलला नाही. त्याच सुमारास युबेनिमेक्स या दुसऱ्या औषधाची चाचणी निष्फळ ठरली. किटोप्रोफेन हृदय, मूत्रपिंड आणि पोटाला जड पडू शकतं, तेव्हा हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

कृत्रिम लसिकाग्रंथींबद्दल फक्त इतकंच सांगतो की जपानमध्ये २००४ साली उंदरांत ग्रंथीसारखं ऊतक बनवलं गेलं, पण त्याचा रोख प्रतिकारशक्तीवर होता. सूज उतरवण्याशी त्याचा संबंध दूरचा आहे.

आता कोणत्या रुग्णाला काय लागू पडेल, हे परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. मिलरॉय रोगात व्हीईजीएफआर-३ मध्येच जन्मजात दोष असतो. तिथे व्हीईजीएफ-सी कितीही द्या, ऐकणारा कानच कमजोर. हत्तीरोगात वाहिन्या कृमींमुळे आतून फुगून निकामी झालेल्या असतात आणि वरून जंतुसंसर्ग होत राहतात, त्यामुळे एका जागी पूल बांधून भागत नाही. काखेतल्या शस्त्रक्रियेनंतरचा लिम्फेडेमा इंजिनिअरच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोपा, कारण खड्डा एकाच जागी आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू मुळात निरोगी होत्या. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या दर पाच जणींमागे साधारण एकीला हे होतं, म्हणजे गरजही मोठी आहे.

तुमच्या आईच्या बाबतीत मला जे माहीत नाही ते डॉक्टरांना विचारा. बोटाने दाबल्यावर खळगा पडतो का? पडत असेल तर सुजेत पाण्याचा भाग मोठा आहे. पडत नसेल आणि हात टणक झाला असेल, तर तंतू आणि चरबी किती आहे? इंडोसायनिन ग्रीनच्या चित्रात एखादी तरी सरळ रेघ दिसते का? दिसत असेल तर लसिकावाहिनी शिरेला जोडण्याचा किंवा ग्रंथी हलवण्याचा विचार सूक्ष्मशस्त्रक्रिया करणारे सर्जन करू शकतात, आणि तो लवकर केलेला बरा असतो. दाबाचा बाहीपट्टा, प्रशिक्षित थेरपिस्टकडून बँडेज आणि मसाज, हालचाल, त्वचेची निगा, हे तर आजपासूनच. हात अचानक लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जंतुसंसर्गाच्या प्रत्येक झटक्यात उरलेल्या वाहिन्यांपैकी काही कायमच्या जातात. उद्या चांगला धागा किंवा औषध आलंच, तर ते याच उरलेल्या वाहिन्यांच्या भरवशावर चालणार आहे. थांबू नका म्हणण्याचं दुसरं कारण हे.

तुम्ही प्रकल्पासाठी विषय शोधताय असंही लिहिलंत. नवं जेल बनवू नका, जेलं पुष्कळ झाली. मोजमाप उचला. जाळीचा फोटो काढाल त्याच नमुन्यात एका टोकाने चमकणारं डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्यांचं द्रव्य) सोडा, ते वाहिनीच्या आतून जातं की बाहेरून झिरपतं ते वेळेनुसार नोंदवा, मग दाब उलटा करून तेच पुन्हा करा. उलट्या दाबालाही रंग तितक्याच सहज मागे आला, तर तुमच्याकडे अजून केशिकाच आहे. रंग अडला, म्हणजे झडप घडली, तर मला जरूर कळवा, मला ती पेशी बघायची आहे.